‘पुणे’, ‘पाणी’ आणि ‘पण’: एका वेब फ्रेमवर्कमधल्या हरवलेल्या कानामात्रांचं प्रकरण

पार्श्वभूमी

दादर पश्चिमेला आमचं चार जणांचं छोटं ऑफिस आहे. मध्य मुंबईतल्या एका जुन्या वाचनालयाचं काम आमच्याकडे आलं. त्यांच्याकडच्या दिवाळी अंकांची लेखसूची ऑनलाइन आणायची होती. अंक स्कॅन करायचे नव्हते, फक्त सूची हवी होती: लेखाचं नाव, लेखक, अंक, वर्ष, विषय. कपाटातल्या कार्डांवरून दोन निवृत्त सभासद नोंदी टाइप करत होते आणि त्या साइटवर चढवायचं काम आमचं.

ग्रंथपाल मॅडमची अट एकच होती. सगळं मराठीत हवं, लिंकसुद्धा. “लोक लिंक एकमेकांना पाठवणार, ती वाचता आली पाहिजे,” असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आम्हाला ती मागणी रास्त वाटली आणि सोपीही वाटली. आम्ही वापरत होतो ते फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, खुल्या स्रोताचं, बरीच वर्षं चालत आलेलं. त्याचं आणि वाचनालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चेतली बहुतेक माणसं स्वतःचा वेळ देऊन काम करणारी आहेत आणि प्रश्न एकट्या त्या फ्रेमवर्कचा नव्हता.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शीर्षकावरून लिंकमधला वाचता येण्याजोगा तुकडा बनवला जातो, त्याला स्लग म्हणतात. शीर्षकातल्या मोकळ्या जागांच्या जागी आडव्या रेघा येतात, स्वल्पविराम-प्रश्नचिन्हं गळतात आणि उरलेलं लिंकमध्ये जातं. बहुतेक वेब फ्रेमवर्कमध्ये यासाठी तयार फंक्शन असतं. आमच्यातही होतं, आणि त्यात युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक, चालू करायचा पर्यायही होता. तो आम्ही चालू केला आणि पुढच्या कामाला लागलो.

अडचण

चाचणीची साइट उभी राहिल्यावर मॅडमनी विषयांच्या सगळ्या लिंकची यादी छापून मागितली. स्क्रीनवर प्रूफ नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी यादी परत आली ती लाल शाईने भरलेली. मुंबईच्या जागी ‘मबई’. गिरगाव ‘गरगव’, लालबाग ‘ललबग’, शिवडी ‘शवड’, महालक्ष्मी ‘महलकषम’. प्रत्येक शब्दाला त्यांनी काना, मात्रा, वेलांटी, उकार परत लावून दिले होते, जसे छापखान्यात जाणाऱ्या प्रुफात लावतात. आख्ख्या पानावर लाल खूण नसलेले शब्द दोनच होते: परळ आणि वसई. त्यांच्यात कानामात्राच नाही.

पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं: “पुणे आणि पाणी दोन्हीकडे ‘पण’ कसं?”

खरं दुखणं तिथे होतं. ‘पुणे’मधून उकार आणि मात्रा गेली की उरतं ‘पण’. ‘पाणी’मधून काना आणि वेलांटी गेली की उरतं तेच. माहीम आणि मोहीम दोघांचंही ‘महम’. स्लग एकमेव असावा लागतो, म्हणून आमच्या कोडने दुसऱ्या ‘पण’ला निमूटपणे ‘पण-२’ केलं होतं. पुण्यावरचे लेख शोधणाऱ्याला आणि पाणीटंचाईवरचे लेख शोधणाऱ्याला आम्ही एकाच शब्दाच्या दोन नंबरच्या खोल्या दिल्या होत्या.

हे आम्हाला आधी दिसलं नाही, याचं एक साधं कारण आहे. ब्राउझरमधून कॉपी केलेली मराठी लिंक बहुतेक वेळा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये त्या तीन बाइटची नऊ चिन्हं होतात. ‘मुंबई’ या शब्दात कोडच्या हिशोबाने पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंचेचाळीस. ती माळ कोण वाचतो? आम्ही तरी वाचली नव्हती. कागदावर छापून ती वाचली मॅडमनी.

मूळ कुठे होतं

फंक्शन दहा ओळींचंही नव्हतं. मुख्य ओळीचा अर्थ एवढाच: शब्दातलं चिन्ह, मोकळी जागा किंवा आडवी रेघ नसेल ते काढून टाक. ‘शब्दातलं चिन्ह’ म्हणजे काय, हे रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, म्हणजे मजकुरात नमुने शोधायच्या सूत्रातला, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हा संकेत ठरवतो. पायथॉनच्या मूळ लायब्ररीत त्याचा अर्थ अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढाच आहे. युनिकोडमध्ये ‘क’ किंवा ‘ई’ अक्षर म्हणून नोंदलेलं आहे, पण काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात येतात. त्यामुळे ती शब्दाचा भाग धरली जात नाहीत.

युनिकोडची स्वतःची शिफारस याच्या उलट आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठीच्या यूटीएस १८ या तांत्रिक मानकात शब्दाच्या चिन्हांमध्ये जोडचिन्हं धरायला सांगितली आहेत. पायथॉनचं हे वागणं रोमनेतर लिप्यांना अडचणीचं आहे, अशी नोंद पायथॉनच्या बग-यादीत २००७ पासून आहे. चिनी, रशियन, ग्रीक शब्दांनी तपासलं तर हा दोष दिसतच नाही. चिनी चिन्हं स्वतंत्र अक्षरं आहेत आणि ग्रीकचे आघात नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांचं एक रूप करताना, अक्षरात मिसळून जातात. फ्रेमवर्कच्या चाचण्यांत नेमकी हीच उदाहरणं होती आणि त्या सगळ्या हिरव्या दिसत होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रोमन लिपीत स्लग बनवायचा. बऱ्याच मराठी साइट तेच करतात. मॅडमची अट बाजूला ठेवली तरी ते पटण्यासारखं नव्हतं. ‘कमळ’चा शेवटचा अ लिहायचा की नाही, ळ आणि ल वेगळे कसे दाखवायचे, याचे नियम प्रत्येक लायब्ररीचे वेगळे.

दुसरा पर्याय नुसता नोंद-क्रमांक द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत मजबूत. तो आम्ही वाया घालवला नाही, पुढे लेखांच्या लिंकमध्ये शब्दाच्या आधी क्रमांक घातलाच.

तिसरा, आमच्यापुरतं वेगळं फंक्शन लिहायचं. अर्ध्या दिवसाचं काम.

चौथा, फ्रेमवर्कमध्येच दुरुस्ती करून घ्यायची. याला किती वेळ लागेल ते आमच्या हातात नव्हतं आणि वाचनालयाला साइट दिवाळीआधी हवी होती. पाचवा पर्याय थेट पायथॉनकडे जायचा. तो आम्ही विचारात घेऊन लगेच सोडला. इतक्या जुन्या वागण्यावर जगभरचं कोड उभं आहे आणि तिथे बोलण्याइतकी आमची तयारी नव्हती.

निर्णय असा झाला की तिसरा पर्याय आज, आणि चौथा त्याच्या समांतर. फ्रेमवर्कचं फॉर्क, म्हणजे आपली वेगळी प्रत, करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. मंकी-पॅचही नाही. फ्रेमवर्कचं फंक्शन चालू प्रोग्रॅममध्ये बदललं तर तेच फंक्शन वापरणाऱ्या इतर लायब्रऱ्यांचं वागणंही गुपचूप बदलतं, आणि वर्षभराने साइट सांभाळायला येणाऱ्या माणसाला ते कुठून झालं ते कळत नाही. वाचनालयाची साइट आमच्यानंतरही कोणीतरी सांभाळणार होतं.

चर्चा कशी फिसकटली आणि कशी सावरली

फ्रेमवर्ककडे पहिला बग, म्हणजे दोषाची तक्रार, मी टाकला. मथळा होता, ‘फ्रेमवर्क भारतीय भाषा मोडतं’. मनात लाल शाईचं ते पान होतं आणि भाषा त्याच तावात आली. मजकुरात समस्या होती, उदाहरणं होती, शिवाय ‘कोट्यवधी लोकांच्या भाषेकडे दुर्लक्ष’ वगैरे वाक्यंही होती. उत्तर दोन ओळींचं आणि सभ्य होतं: हे वागणं पायथॉनचं आहे, जुन्या चर्चेची लिंक सोबत आहे, बग बंद करत आहोत.

मला ते फार लागलं. फॉर्क न करण्याचा निर्णय मोडावा असं त्या संध्याकाळी मी बोलूनही गेलो. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सहकारी मुलीने मात्र ती जुनी चर्चा उघडून अथपासून इतिपर्यंत वाचली. काही वर्षांपूर्वी कोणीतरी बंगालीचं उदाहरण देऊन हीच तक्रार केली होती. मेंटेनरने, म्हणजे फ्रेमवर्क सांभाळणाऱ्याने, ती नाकारली नव्हती. त्याने एक प्रश्न विचारला होता: हे बदललं तर आत्ता चालू असलेल्या साइटच्या लिंकचं काय होईल? त्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही आणि चर्चा तिथेच विझली. “सर, त्यांनी नाही म्हटलेलंच नाहीये. आपण उत्तर द्यायचं राहिलंय,” असं ती म्हणाली.

या प्रकरणातलं खरं वळण हेच. पुढचे तीन आठवडे आम्ही कोड लिहिला नाही, फक्त त्या एका प्रश्नाचं उत्तर तयार केलं. उत्तर सरळ एका शब्दात देण्यासारखं नव्हतं. ज्या साइट स्लग एकदाच बनवून डेटाबेसमध्ये ठेवतात त्यांचं काहीच बिघडत नाही, जुना ‘मबई’ तसाच राहतो. ज्या साइट लेख सेव्ह करताना दर वेळी स्लग नव्याने बनवतात त्यांची लिंक पुढच्या दुरुस्तीच्या वेळी बदलेल, कदाचित सहा महिन्यांनी, आणि तेव्हा कारण कोणालाच आठवणार नाही. लेखातल्या उपशीर्षकांवर थेट नेणाऱ्या लिंकच्या खुणा पान दाखवतानाच बनवणाऱ्या साइटवर अपग्रेडच्या दिवशीच सगळ्या जुन्या खुणा तुटतील. म्हणजे मेंटेनरची भीती खरी होती. डिफॉल्ट, म्हणजे काही न निवडता मिळणारं वागणं, सरळ बदलणं आम्हालाही धोक्याचं वाटू लागलं, आणि तसं आम्ही स्वतःहून लिहिलं.

दुसरा मजकूर त्याच जुन्या चर्चेत टाकला. सुरुवात त्याच्याच प्रश्नाने केली, खाली या तीन तऱ्हा, त्याखाली मागणी: जुन्यांसाठी काही बदलू नका, ज्याला हवं त्याला चालू करता येईल असा पर्याय द्या. उदाहरण म्हणून जँगो या पायथॉनमधल्याच दुसऱ्या फ्रेमवर्कचं दिलं. जँगोने स्लगमध्ये युनिकोडचा पर्याय २०१५ च्या डिसेंबरात १.९ आवृत्तीत आणला तो असाच, मुळात बंद ठेवून. दुसऱ्या दिवशी बग पुन्हा उघडला गेला.

मग इतर भाषांची माणसं आली, आणि तिथे मला माझ्या समजुतीची मर्यादा कळली. मी ‘सगळी जोडचिन्हं ठेवा’ असं लिहिलं होतं. कैरोच्या एका डेव्हलपरने आक्षेप घेतला. अरबीत अक्षरांवरच्या स्वरखुणा याच वर्गात मोडतात. रोजच्या लिखाणात त्या कोणी घालत नाही, धार्मिक किंवा शालेय मजकुरात असतात. त्या लिंकमध्ये राहिल्या तर त्याच शब्दाच्या दोन लिंक होतील. हिब्रूचंही तसंच. आमच्या भाषेत जे काढलं की शब्द मरतो, ते त्याच्या भाषेत काढलं की शब्द मोकळा होतो. दोघंही बरोबर होते.

लिपीनुसार वेगळे नियम करावेत, असा एक प्रस्ताव आला. त्यावर मेंटेनर म्हणाला की लिप्यांची यादी कायम सांभाळणं आमच्याने होणार नाही. रात्री साडेदहाला कॉल झाला, कारण त्यांची ती दुपारची उशिराची वेळ. त्या कॉलमध्ये माझ्या सहकारी मुलीने मांडलेला मुद्दा अखेर टिकला: स्वरखूण फ्रेमवर्ककडे द्यायच्या आधी आपल्या कोडमध्ये काढता येते, पण फ्रेमवर्कने काढून टाकलेली मात्रा नंतर कोणालाच परत लावता येत नाही. म्हणून फ्रेमवर्कने ठेवावं, काढायचं ज्याचं त्याने काढावं. कैरोचा डेव्हलपर या अटीवर तयार झाला की डॉक्युमेंटेशनमध्ये अरबीसाठी आधी काय करायचं ते उदाहरणासह असेल. ते उदाहरण त्यानेच लिहिलं.

दऱ्या आणि दर्या

एका बारीक प्रश्नाने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. मराठीत ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे. हा डोळ्यांच्या पापणीसारखा दिसणारा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात. काही साध्या र चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालतात. आमचे दोन निवृत्त सभासद वेगवेगळे कीबोर्ड वापरत होते, त्यामुळे सूचीत दोन्ही तऱ्हा होत्या. दुसऱ्या तऱ्हेतलं अदृश्य चिन्ह स्लगमधून गळलं की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा लेख समुद्रात जायचा.

मी अदृश्य चिन्ह ठेवावं म्हणून अडून बसलो. डोमेन नावांच्या नियमांत, म्हणजे २०१० च्या आरएफसी ५८९२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात, पाय मोडल्याच्या चिन्हानंतर ते चालतं, हा माझा आधार. समोरून सुरक्षेचा मुद्दा आला: डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन लिंक फसवणुकीला वाट देतात. एक मल्याळी डेव्हलपर म्हणाला की त्यांच्या चिल्लू अक्षरांचाही, म्हणजे स्वर नसलेल्या व्यंजनांच्या खास रूपांचाही, हाच घोळ होता, २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने त्यांना स्वतंत्र जागा दिल्यावर तो सुटला. मराठीसाठी तसा मार्ग आधीपासूनच होता. पापणीच्या र साठी युनिकोड ऱ वापरायलाच सांगतं. म्हणजे आमच्या कोडमध्ये स्लग बनवण्याआधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घेतली की काम भागत होतं. एका ओळीचं काम. मी मागणी मागे घेतली.

काय केलं

कोडचा पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, आम्ही स्लग बनवणाऱ्या फंक्शनपुरताच केला होता. आमच्याच साइटवर लावून पाहिला तर ‘मुंबई’ नीट बनलं, पण फॉर्मने ‘वैध स्लग द्या’ म्हणून परत पाठवलं. फॉर्ममधली माहिती तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्ये तोच बॅकस्लॅश डब्ल्यू होता. तो सुधारला तर पान सापडेना, कारण लिंक जुळवणारा राउटर स्लग म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि अंक एवढंच धरून चालत होता. स्लग तीन ठिकाणी राहतो आणि तिन्ही ठिकाणांची समजूत एक हवी, हे पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारायची विनंती, पाठवण्याआधी कळलं हे बरं झालं.

शेवटच्या पॅचमध्ये तिन्ही ठिकाणांना एकच व्याख्या दिली. बाहेरची नवी लायब्ररी घ्यायला मेंटेनर तयार नव्हते, म्हणून पायथॉनच्या मूळ लायब्ररीतूनच प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग तपासला. वेग थोडा कमी झाला, स्लगसारख्या छोट्या मजकुराला तो चालण्यासारखा होता. कोडपेक्षा चाचण्या मोठ्या झाल्या. मराठीचे शब्द आम्ही दिले: मुंबई, पुणे, पाणी, दऱ्या. बंगाली, तमिळ, थाई आणि ख्मेरचे शब्द त्या त्या भाषा वाचणाऱ्यांकडून मागून घेतले. न वाचता येणाऱ्या लिपीची चाचणी आपण लिहू नये, एवढं तोवर आम्ही शिकलो होतो.

इकडे वाचनालयाची साइट आमच्या स्वतःच्या फंक्शनवर दिवाळीच्या आठवडाभर आधी सुरू झाली. मॅडमनी पुन्हा यादी छापून मागितली. या वेळी लाल खुणा तीनच होत्या, तिन्ही टायपिंगच्या चुका.

निकाल

डॉक्युमेंटेशनमधली सूचना लगेचच्या छोट्या आवृत्तीत गेली. प्रत्यक्ष पर्याय त्यापुढच्या मोठ्या आवृत्तीत आला: जुन्या प्रकल्पांत बंद, नव्या प्रकल्पाच्या साच्यात चालू. डिफॉल्ट कायमचं बदलायचं का, ही चर्चा वेगळी करून ठेवली आहे. ती आवृत्ती आल्यावर आम्ही आमचं फंक्शन काढून टाकलं. ऱ ची ओळ तेवढी ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

जुनी चर्चा आधी वाचायला हवी होती. पहिल्या बगच्या मथळ्यामुळे चर्चा थांबली नसेलही, पण ती पुढे सरकायला आणखी तीन आठवडे गेले हे नक्की. मराठी साइटची चाचणी छापील कागदावर, भाषा जाणणाऱ्या माणसाकडून, पहिल्याच आठवड्यात करून घ्यायला हवी होती. आता प्रत्येक कामात आम्ही तसं करतो.

तिसरी गोष्ट मला अजून टोचते. झीरो विड्थ जॉइनर सोडून दिला तेव्हा मी फक्त मराठीचा हिशोब केला होता. सिंहलीत ‘श्री’ लिहायलाच तो लागतो. पर्यायी अक्षराची सोय त्यांना नाही. त्या कॉलवर सिंहली वाचणारं कोणी नव्हतं आणि आमचं काम भागल्यावर कोणाला बोलवावं, हे मला सुचलंही नाही. त्यामुळे नव्या पर्यायातही श्रीलंकेच्या नावातला ‘श्री’ मोडूनच येतो. त्यासाठीचा बग आता मी टाकला आहे. त्यात पाय मोडल्याच्या चिन्हानंतरच ते अदृश्य चिन्ह चालू द्यावं, असा डोमेन नावांचाच नियम सुचवला आहे, आणि जुन्या साइटच्या लिंकचं काय होईल, हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं आहे.

वाचनालयाच्या साइटवर ‘पण’ आणि ‘पण-२’ या जुन्या लिंक चाचणीच्या दिवसांत काही सभासदांनी व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. त्या आम्ही बंद केल्या नाहीत. एक पुण्याकडे वळते, दुसरी पाण्याकडे.